डाव्या हातातला चुडा

पहिल्या पाळीची बस सातपूरच्या नाक्यावर यायच्या आधी मला रोज एक हात उरकायचा असतो. माझा नाही, माझ्या बायकोचा, डावा.

गजर झाला की प्रतिभा पलंगावर उठून बसते, मी स्टूल ओढतो आणि आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता कामाला लागतो. आधी रात्रभर बांधलेल्या पट्ट्या सोडायच्या आणि नीट गुंडाळून ठेवायच्या, कारण रात्री पुन्हा त्याच लागतात. मग तिनं पोटातून सावकाश श्वास घ्यायचे. तिचे श्वास चालू असताना मी मानेपासून सुरुवात करतो. बोटांनी कातडी नुसती हलकेच सरकवायची, आधी खांद्याची, मग दंडाची, मग कोपराखालची, शेवटी पंजाची, आणि दर वेळी वरच्या बाजूला. मग तिनं मूठ मिटायची, उघडायची, हात वर न्यायचा, खाली आणायचा. सगळ्यात शेवटी ती कातडीच्या रंगाची घट्ट बाही चढवायची. ओल्या पायावर मोजा चढवून बघा, म्हणजे तो काय प्रकार असतो ते कळेल.

पाच वर्षांपूर्वी तिच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला, देवाची कृपा. पण डॉक्टरांना काखेतल्या ग्रंथीही काढाव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षी हात सुजायला लागला. व्यायाम शिकवणाऱ्या अंजली मॅडमनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. रक्त फिरवायला हृदयाचा पंप आहे, पण शरीरात आणखी एक पाणी फिरतं, त्याला असा पंप नाही. हात हलला, पाय चालले, श्वास खोल गेला की ते पुढे सरकतं. हिच्या काखेतली वाट बंद झाली, म्हणून ते दुसऱ्या वाटेनं रोज आपणच हाकायचं. मी विचारलं, "किती दिवस?" मॅडम म्हणाल्या, "काका, दात किती दिवस घासता?"

सुरुवातीला मी भलतंच करत होतो. तीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस मी. अडकलेलं काही सोडवायचं तर जोर लावायचा, एवढंच मला माहीत. तेल लावून असा रगडायचो की प्रतिभाच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि हात आणखी फुगायचा. मॅडमनी बघितलं आणि माझा हातच धरला. म्हणाल्या, "तान्ह्या बाळाची टाळू चाचपता ना, तेवढंच. त्याहून जास्त नाही." वेदिका लहान असताना मी टाळूला हात लावायलाही घाबरायचो. आता बायकोच्या हाताला तसाच घाबरत हात लावतो.

कंटाळा आलाय. हे स्पष्ट सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला आदर्श नवरा वगैरे म्हणायला नको. कॉलनीतल्या बायका म्हणतात, "रवीभाऊ किती करतात हो तुमचं!" आणि प्रतिभा माझ्याकडे असं बघते की मला हसू येतं. आदल्याच दिवशी पट्टी उलटी बांधली म्हणून आम्ही कडाकडा भांडलेलो असतो. ह्या कामाला रविवार नाही, दिवाळी नाही. बरं होणार असतं तर माणूस दम धरतो. इथं बरं होणं नाहीच, फक्त वाढू द्यायचं नाही. हातानं जड पिशवी उचलायची नाही, त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, भांडी घासताना हातमोजे, संध्याकाळी डासांचं मलम, रात्री कातडी मऊ राहावी म्हणून क्रीम. आणि कुठेही काहीही घट्ट घालायचं नाही, म्हणजे त्या हातात बांगड्या नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात विळीचा एवढासा चरा उठला होता. संध्याकाळपर्यंत हात लालबुंद, अंगात ताप, दवाखान्यात सलाईन. डॉक्टर म्हणाले, असं प्रत्येक वेळी झालं की हात आणखी थोडा खराब होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. प्रतिभा ब्लाऊज शिवते, सगळ्या सातपूरच्या बायका तिच्याकडे येतात. मशीनखाली कापड पुढे सरकवतो तो डावा हात. तो गेला तर मशीन गेली, हे तिला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

आमच्या घरात ह्या हातावरून एकच कटकट होती, आणि ती माझ्या आईची. मालनबाई. दिंडोरीकडच्या गावी धाकट्या भावाजवळ राहते, जन्म द्राक्षाच्या बागेत गेला, अजूनही छाटणीच्या दिवसांत स्वस्थ बसत नाही. मनानं वाईट नाही, पण जीभ कात्रीसारखी. आली की आधी सुनेचा हात बघायची. उजव्या हातात बांगड्या, डावा मोकळा. "जित्या नवऱ्याच्या बायकोचा असा हात बघवत नाय गं बाई," म्हणायची आणि तोंड फिरवायची. प्रतिभा उत्तर द्यायची नाही, पण त्या रात्री तिच्या हातावरून बोटं फिरवताना मला खांदा ताठ लागायचा.

ह्या वैशाखात वेदिकाचं लग्न ठरलं. मुलगा लासलगावचा, बाजार समितीत कांद्याचा व्यापार, माणसं बोलायला मोकळी. आणि लग्न म्हटलं की चुडा आलाच. आदल्या दिवशी कासारीण घरी येते, नवरीला, नवरीच्या आईला, घरच्या सगळ्या सुवासिनींना हिरव्या बांगड्या भरते. आई आठवडाभर आधीच येऊन बसली होती. पहिल्याच दिवशी तिनं विषय काढला.

"कन्यादानाला बसशील तवा अर्धा गाव समोर असंल. एक हात भरलेला आन एक हात मोकळा. पोरीच्या लग्नात तसलं बरं दिसतं का?"

मी म्हणालो, "आई, डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतं चुड्यातलं?"

मी भांडायच्या तयारीत होतो. पण प्रतिभाच मध्ये बोलली. "अहो, मला घालायच्यात."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आईंसाठी नाही. मलाच. चार वर्षं जो येतो तो आधी हाताकडे बघतो, मग तोंडाकडे. एक दिवस मला आजारी दिसायचं नाही. पोरीच्या फोटोत ती बाही नको आणि मोकळा हातही नको. एकच दिवस हो."

मीही थकलो होतो. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो. आणि खरं सांगायचं तर मला तिला एकदा तशी बघायचीच होती, दोन्ही हात भरून, आमच्या लग्नात दिसली होती तशी.

मग युक्ती मीच काढली. रात्रभर पट्टी असल्यामुळे पहाटे हात सगळ्यात बारीक असतो. आदल्या दिवशी बाकीच्यांनी भरून घ्यायचं आणि प्रतिभाच्या डाव्या हाताचं तेवढं लग्नाच्या सकाळी करायचं. कासारणीला पहाटे पुन्हा बोलावलं. नेहमीपेक्षा मोठ्या मापाच्या बांगड्या काढायला लावल्या. साबणाचं पाणी लावून तिनं एकेक अशी अलगद चढवली की प्रतिभाला कळलंही नाही. मनगटावर बांगड्या सैल खुळखुळत होत्या. मी बोट घालून बघितलं, भरपूर जागा होती. प्रतिभानं कासारणीला नमस्कार केला, आईला केला, मग आरशासमोर जाऊन दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली. हसली. आईनं कानशिलावर बोटं मोडली. मी स्वतःवर फारच खूष झालो.

कारखान्यात नवी मुलं आली की मी त्यांना पहिली गोष्ट काय शिकवतो? थंड जॉबवर, म्हणजे मशीनवर चढवलेल्या तुकड्यावर, माप घेऊन पुढं जाऊ नका, मशीन तापली की जॉब वाढतो, मग फिट बसलेलं अडकतं. दर वर्षी शिकवतो. आणि घरच्या माणसाचं माप मी पहाटेच्या गारव्यात घेतलं.

लग्न दिंडोरी रोडच्या मंगल कार्यालयात, दुपारच्या मुहूर्ताचं. उकाडा असा की पंखेही गरम वारा फेकत होते. नवरीची आई म्हणजे सगळ्यांची हक्काची. किल्ली कुठंय, हळदीचं ताट कुठंय, विहीणबाईंना पाणी विचारलं का. प्रतिभा सकाळपासून पायावर उभी, हात खाली लोंबकळलेला, त्यावर बाही नाही, मध्ये कुठं टेकणं नाही. मी दोनदा खुणेनं विचारलं, तिनं दोनदा मान हलवली, ठीक आहे. मग डावा हात शालूच्या पदराखाली दिसायला लागला. मला वाटलं, पदर सावरतेय.

अक्षता पडल्या, आणि कन्यादानाला बसलो. जावयाच्या ओंजळीवर वेदिकाची ओंजळ, त्यावर माझी. भटजी म्हणाले, "आईनं पाणी सोडा." प्रतिभानं उजव्या हातानं तांब्या उचलला आणि आधाराला डावा हात पदरातून बाहेर काढून खालून लावला. धार सोडताना तिचं डावं मनगट माझ्या हाताला टेकलं.

समोर भटजींचे मंत्र चालू होते, फोटोवाला "इकडे बघा" म्हणत होता, वेदिका डोळे पुसत होती. मला काही ऐकू आलं नाही. तो हात मी रोज सकाळी हातात घेतो. कधी मऊ, कधी जड, कधी आदल्या दिवशी तिनं जास्त शिवलंय हेसुद्धा मला बोटांनी कळतं. आता तो तव्यासारखा तापला होता, आणि ताणून बांधलेल्या पखवाजासारखा टणक. बांगड्या खुळखुळत नव्हत्या. त्या मांसात रुतल्या होत्या आणि दोन बांगड्यांच्या मधून कातडी वर आली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ओठ घट्ट दाबले आणि डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको.

विधी उरकले तसा मी तिला नवरीच्या खोलीत घेऊन गेलो. आई मागोमाग आली, आणि तिच्यामागे माझी कुसाआत्या, वडिलांची बहीण. साबण लावला, तेल लावलं. बांगड्या तसूभर हलेनात. प्रतिभा म्हणाली, "बोटं बधीर झालीत." दवाखान्यात जायचं म्हटलं तरी तिथंही त्या कापणारच होते, आणि तोवर वेळ जाणार होता. मी सरळ म्हणालो, "फोडाव्या लागतील."

कुसाआत्या किंचाळलीच. "येडा झालास का रव्या? मांडवात? अंगावर अक्षता हायेत अजून! नवरा समोर उभा आन बाईचा चुडा फोडायचा? पोरीची पाठवणी तरी होऊ दे."

"पाठवणीला अजून दोन तास आहेत आत्या. मागच्या वेळी एवढ्या वेळात हिला ताप चढला होता."

"दोन तासानं काय हात गळून पडत नाय!"

प्रतिभा म्हणाली, "राहू द्या ना. एवढं काढलं, अजून थोडं." आणि हे बोलताना ती डाव्या हाताला उजव्या हातानं असं धरून बसली होती, की मला तिचा भयंकर राग आला. सगळ्यांचाच आला. कासारणीचा, आईचा, आत्याचा, सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या अक्कलहुशारीचा. चार वर्षं रोज सकाळी जे राखलं ते एका दिवसात घालवायला निघालो होतो. मी बाहेर गेलो, लाइटवाल्याकडून पक्कड मागून आणली.

परत आलो तर आई प्रतिभासमोर खाली बसली होती. सुनेचा हात मांडीवर घेऊन बघत होती. इतक्या वर्षांत तिनं तो हात लांबूनच बघितला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी वाकलो आणि पहिल्या बांगडीला पक्कड लावायला गेलो. 

आईनं माझं मनगट धरलं. "तू नको."

"आई, आता वाद नको."

"वाद न्हाई घालत मी. तुझ्या हातानं नको म्हनते. दे इकडं."

"मालन, अगं तुझा पोरगा..." कुसाआत्या म्हणाली.

"म्हनूनच," आई म्हणाली. "माझा पोरगा हाय, मी बघून घेईन."

माझा ह्या गोष्टींवर अर्धामुर्धा विश्वास आहे, म्हणजे गरज पडली की नसतो. आईचा तसा नाही. तिचा पुरता आहे. वडील गेले तेव्हा बायकांनी तिला धरून बसवून तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, आणि त्याच्या वर्षभर आधी एक बांगडी आपोआप तडकली होती हे ती अजून सांगते. तिच्या लेखी ती आता सुनेचा हात वाचवायला माझा जीव पणाला लावत होती. तिनं एकदा वर मान करून माझ्याकडे बघितलं. तेवढं बघणं मी जन्मात विसरणार नाही.

मग तिनं छाटणीची कात्री धरावी तशी पक्कड धरली. लुगड्याच्या पदराचं टोक जिथं सरकेल तिथं बांगडीखाली सारलं आणि दाबलं. कट. काच पदरात पडली. दुसरी. तिसरी. वेलीचा फुटणारा डोळा न दुखवता काडी कापायची सवय त्या हातांना. ओठ सारखे हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल. काच गोळा करायला खाली वाकलो तेव्हा ऐकू आलं. ती माझं नाव घेत होती. रवी, रवी, रवी.

एकच बांगडी अशी रुतली होती की पदर खाली जाईना. तिची काच टोचलीच. थेंबभर रक्त आलं. मी धुतलं, औषध लावलं, हात उशीवर उंच ठेवला. प्रतिभा पाठवणीपर्यंत तशीच पडून राहिली. वेदिका आत येऊन तिच्या उजव्या खांद्यावर रडली. जाताना तिनं फक्त विचारलं, "मम्मी, बाही कुठंय तुझी?"

सगळं वेळेत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. त्या रात्री ताप आलाच. पोरगी सासरी पूजेला बसली तेव्हा तिची आई सलाईन लावून पडली होती. डॉक्टर म्हणाले, बांगड्या आणखी राहिल्या असत्या तर बोटांवर बेतलं असतं. हात वाचला. पण पूर्वीएवढा उतरला नाही. जुनी बाही चढेना, मोठ्या मापाची घ्यावी लागली. प्रतिभा मशीनवर बसते, पण पूर्वीपेक्षा लवकर उठते.

आई गावी गेली नाही. द्राक्षाची छाटणी तोंडावर होती, भावाचे फोन येत होते, तरी गेली नाही. एके सकाळी मी स्टूल ओढलं तर ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मला दाव कसं करत्यात ते." मी दाखवलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासारखाच जोर लावला. प्रतिभा म्हणाली, "आई, हळू. टाळूला लावता तसा हात." आईचा हात तिथंच थांबला. मग तो असा हलका झाला, की बघता बघता प्रतिभाचे डोळे मिटायला लागले.

दुसऱ्या दिवशी गजर झाला आणि मी उठून बसलो, तर पलंगाच्या त्या बाजूला पट्ट्या आधीच गुंडाळून ठेवलेल्या. प्रतिभा श्वास घेत होती आणि आई तिच्या मानेवरून बोटं फिरवत होती. "झोप तू," आई मागं न बघता म्हणाली. "बस यायला येळ हाय." मी आडवा झालो. चार वर्षांत पहिल्यांदाच. झोप लागली नाही, पण मी डोळे मिटून पडून राहिलो. मग लागली असावी, कारण बस चुकली.

गेल्या रविवारी वेदिका आणि जावई आले, बरोबर विहीणबाई. आईनं पुरणाचा घाट घातला होता. जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत बसलो. प्रतिभानं चहाचा ट्रे उजव्या हातानं आणला, आणि बाहीतला डावा हात नुसता टेकवला. विहीणबाईंची नजर तिथं गेली. बाई सरळ स्वभावाची, मनात काही नव्हतं. पण तोंडातून निघून गेलंच, "अगंबाई, डाव्या हातात काहीच नाही घालत का तुम्ही?"

आईशेजारी बसत प्रतिभानं हात पदराखाली घ्यायला सुरुवात केली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईनं तिचा तो हात पदरातून परत बाहेर काढला, आपल्या मांडीवर उशीसारखी शाल घेतली आणि त्यावर उंच ठेवला.

"होता चुडा," आई म्हणाली. "मी फोडला, माझ्या हातानं, लगीन लागल्यावर. पोरगा जिता हाय माझा. त्यो काय, च्या पितोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप थोडा वर उचलून दाखवला आणि चहा पीत राहिलो.